बारा ओळी बिनऔषधाच्या

पाच जुलै १९९१, शुक्रवार. ओळी चोवीस. प्रत्येक ओळीत वेलांच्या जागा अठ्ठेचाळीस, म्हणजे एकूण अकराशे बावन्न. त्यांपैकी जिवंत वेल नऊशे अठ्ठेचाळीस, रिकाम्या जागा दोनशे चार. जिवंत वेलांपैकी खालची पानं पिवळी पडलेले एकतीस. वेल ज्यांच्यावर चढवले होते ती शेवरीची झाडं मी मोजली नाहीत, कारण ती मरत नव्हती. फाटकाशी पाय धुवायचा रांजण एक. त्याच्याजवळ काढून ठेवलेल्या चपला तीन जोड, त्यांतला एक माझा.

मोजायला सव्वातीन तास लागले. एक ओळ झाली की आकडा वहीत लिहायचा, मग पुढची ओळ. सातव्या ओळीत असताना मागून आवाज आला.

"का व माय, येल मोजी ऱ्हायनी का?"

"हो अक्का."

"येल मोजतस नहीत. नजर लागस."

"दोनशे चार तर न मोजताच गेले ना?"

 धुरपदाबाई हसल्या, आणि मी मोजत राहिले.

मळा त्यांचा होता. एरंडोलपासून नऊ किलोमीटरवर, विहिरीच्या अंगाला, विड्याच्या पानांचा. पती वारल्यानंतर सहा वर्षं त्याच तो पाहत होत्या. मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय वनस्पती रोगशास्त्र. माझ्या प्रबंधासाठी मला मर लागलेला पानमळा हवा होता, आणि धुरपदाबाईंचा मुलगा रुपचंद एकदा महाविद्यालयाच्या मेळाव्यात मेलेला वेल पिशवीत घालून घेऊन आला होता. त्या वेलाचं खोड जमिनीलगत काळं, बुळबुळीत आणि घाण वास येणारं होतं. पावसाळ्यात जमिनीतली एक बुरशी तिथे शिरते. पंधरा दिवसांत पानं माना टाकतात आणि महिनाभरात वेल जातो.

"मागच्या वर्षी दोनशेच्या वर वेल गेले," रुपचंद तेव्हा म्हणाला होता. "यंदाही तसंच झालं तर मळा मोडतो. ऑक्टोबरात केळी लावायची, कांदेबाग म्हणतात ती. सावद्याला एकाशी कंदांचं बोलून ठेवलंय. घटस्थापनेच्या दिवशी जाऊन पक्कं करणार."

माझ्याकडे औषध होतं, ते म्हणजे दुसरी बुरशी. ट्रायकोडर्मा नावाची, हिरव्या रंगाची, वेलाला काहीही न करणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती मर आणणाऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखे घालताना दिसते. काही तासांनी तो विळखा घातलेला धागा रिकामा दिसू लागतो, आतलं सगळं ओढून घेतल्यासारखा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा प्रयोगशाळेत दुपारचं जेवण विसरले होते. काचेच्या बशीत जे होतं ते मळ्यातल्या मातीत होईल का, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. पुस्तकांत उत्तरं होती, पण दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या मातीतली.

एक बशी मी धुरपदाबाईंना दाखवायला नेली होती. एका बाजूने पांढरी बुरशी, समोरून हिरवी, आणि मध्ये हिरवी पांढरीवर चढलेली.

त्यांनी बशी उजेडात धरली. "हाई बुरशी ती बुरशीले खास?"

"खाते."

"न मंग येलले?"

"वेलाला नाही खात."

"कशावरून?"

हा प्रश्न आमच्या सरांनीही विचारला होता. मी त्यांना दिलं तेच उत्तर दिलं: कुंडीतल्या चाळीस वेलांना तीन महिने लावून पाहिली, चाळीसही जगले. धुरपदाबाईंनी बशी परत दिली आणि हात पदराला पुसले. "लाय मंग," त्या म्हणाल्या.

आता चिठ्ठ्यांचं. चोवीस ओळींपैकी बारांना बुरशी द्यायची, बारांना नाही. कोणत्या बारा, हे मी ठरवायचं नाही. मी ठरवलं तर नकळत चांगल्या ओळी निवडीन. म्हणून चोवीस चिठ्ठ्या, बारांवर एक आणि बारांवर शून्य लिहून, तांब्यात टाकल्या आणि धुरपदाबाईंना ओळीमागे एक उचलायला सांगितलं. रुपचंद मोटारसायकलला टेकून पाहत होता.

"भिशी लागली का काय आई?"

"गप रे."

सातव्या ओळीची चिठ्ठी निघाली. तिच्यावर शून्य होतं.

"सातवीले काहीच नही?"

"नाही."

"तिनं काय घोडं मारेल शे तुनं?"

"अक्का, काही ओळींना दिलंच नाही तरच कळेल की दिल्याने फरक पडला. नाहीतर पाऊस कमी झाला म्हणून मर कमी झाली, की बुरशीने, हे कसं सांगणार?"

हे धुरपदाबाईंपेक्षा रुपचंदला जास्त पटलं. तो जवळ येऊन बसला. "बरोबर आहे. श्रावणात उघडीप पडली तर मर आपोआपच कमी होते. ताई, मग माझंही तेच. मला किती वेल जगले ते नका सांगू. औषधाच्या ओळीत आणि साध्या ओळीत फरक दाखवा. फरक दिसला तर मळा ठेवतो. नाही दिसला तर केळी."

मी हो म्हटलं. मला आनंदच झाला, की एका शेतकऱ्याला तुलनेची ओळ म्हणजे काय हे पहिल्याच दिवशी कळलं.

तो मोटारसायकल घेऊन गेल्यावर धुरपदाबाई चिठ्ठ्या गोळा करत म्हणाल्या, "केळीना बागमा मले कोण इचारी? तठे मजूर लागतस. आठे मी लागस."

बुरशी द्यायचा दिवस पुढचा शुक्रवार होता, बारा जुलै. उकडलेल्या ज्वारीवर वाढवलेली बुरशी मी धुळ्याहून बारा पिशव्यांत आणली. ज्वारीचे दाणे पूर्ण हिरवे झाले होते. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, बुरसटलेली ज्वारी कुठे नेता? मी सांगितलं, शेतात टाकायला. त्या थोड्या सरकून बसल्या.

त्याच दिवशी सकाळी माझी पाळी आली होती. पानमळ्यात बाईने त्या चार दिवसांत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि ते चार दिवस आत नाहीच. चपलांच्या आणि पाय धुण्याच्या नियमावर मी वहीत चांगला शेरा लिहिला होता, कारण ही बुरशी चिखलातून पसरते आणि पाय धुतले की चिखल बाहेर राहतो. या दुसऱ्या नियमाला माझ्याकडे शेरा नव्हता. मी न सांगता आत जाऊ शकले असते. मी सांगितलं, कारण मळा माझा नव्हता.

"बस तठे जांभूळखाले," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी टाकस. तू नंबर सांग."

मी विहिरीजवळच्या जांभळाखाली बसले आणि ओरडून नंबर सांगितले. दोन, तीन, पाच, आठ. प्रत्येक ओळीला एक पिशवी, प्रत्येक वेलाच्या बुंध्याशी मूठभर, वर थोडं शेणखत. बाहेरच्या बाजूची शेवरी दाट होती, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. आतून "हां" ऐकू आलं की मी पुढचा नंबर सांगायची. बारा वेळा "हां" आलं. रिकाम्या बारा पिशव्या माझ्या हातात आल्या. मी त्या मोजल्या आणि वहीत लिहिलं: बारा ओळींना प्रत्येकी एक किलो.

त्यानंतर दर शुक्रवारी मी धुळ्याहून सकाळच्या गाडीने यायचे आणि त्या आठवड्यात मेलेले वेल मोजायचे. एका शुक्रवारी गाडी पारोळ्याला बिघडली, तेव्हा उरलेला रस्ता एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कांद्याच्या गोण्यांवर बसून आले. मोजणी चुकवली नाही.

एकोणीस जुलै: औषधाच्या ओळींत पाच, साध्या ओळींत सहा. सव्वीस जुलै: चार आणि सात. मला वाटलं, सुरुवात झाली. दोन ऑगस्टला चार आणि पाच. नऊ ऑगस्टला पाच आणि चार. सोळाला चार आणि पाच. तेवीसला चार आणि तीन.

मी बेरीज केली. सव्वीस आणि तीस.

रुपचंदने माझ्या खांद्यावरून वही वाचली. "फरक किती?"

"चार."

"चार वेल तर बैल घुसला तरी जातात, ताई."

"अजून महिना आहे."

"महिना आहे. पण पाहा ना, गेल्या महिन्याभरात दोन्हीकडे सारखंच चाललंय. यंदा पाऊसच तसा. तुम्हीच सांगितलं होतं." तो हे टोमणा म्हणून म्हणाला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं. धुरपदाबाई पलीकडे पानं खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

धुळ्याला परतताना एकच गोष्ट डोक्यात होती. बुरशी मातीत जगलीच नसेल, तर दोन्हीकडे मर मागच्या वर्षीइतकी जास्त हवी होती. ती जगली असेल, तर एकीकडे कमी, एकीकडे जास्त हवी होती. दोन्हीकडे कमी का?

पाऊस, असं रुपचंदचं उत्तर होतं. ते चुकीचं म्हणता येत नव्हतं. पण तपासता येत होतं. मी चोवीस ओळींतून माती आणली होती, प्रत्येक ओळीची वेगळ्या पुडीत. ती पाण्यात कालवून, पाणी दहा-दहा पट पातळ करत नेऊन, थेंब बशीवर पसरला. चार दिवसांनी बशीवर जितके हिरवे ठिपके, तितके त्या थेंबात बुरशीचे जिवंत कण. जूनमध्ये, काहीही टाकण्याआधी, मी हीच तपासणी केली होती. तेव्हा सरासरी दर बशीला दोन ठिपके आले होते.

आता औषधाच्या ओळींची सरासरी चौदा आली.

साध्या ओळींची सदतीस.

मी बशा पुन्हा मोजल्या. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोजायला दिल्या, पुड्यांचे नंबर न सांगता. तिचे छत्तीस आले.

सरांनी बशा पाहिल्या. "लेबलं उलटी लावलीस."

"नाही सर."

"मग काय, न टाकलेल्या ओळीत टाकलेल्यापेक्षा जास्त? पाटाच्या पाण्याने गेली असेल."

"पाण्याने गेली तर जास्तीत जास्त तेवढीच होईल. अडीच पट कशी होईल?"

सरांनी चष्मा काढून ठेवला. "मग जाऊन बघ," ते म्हणाले. "पण प्रयोग म्हणून हा बाद आहे, हे धरून चाल."

शुक्रवारची वाट न पाहता मी दुसऱ्या दिवशी गेले. पाटाचं पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलं. ते पहिल्या ओळीपासून चोविसाव्या ओळीकडे जात होतं, औषधाच्या आणि साध्या ओळी मध्ये मध्ये मिसळलेल्या. पाण्याने नेलं असतं तर शेवटच्या ओळींत जास्त सापडलं असतं. तसं नव्हतं. मुंग्यांचे रस्ते पाहिले. मग साध्या ओळीतल्या एका वेलाच्या बुंध्याची माती बोटाने उकरली. आत शेणखताचा चुरा होता, त्यावर बारीक हिरवी पूड. ज्वारीचा दाणा मात्र एकही नव्हता. औषधाच्या ओळीत उकरलं तर कुजलेले दाणे दिसले.

बुरशी होती, पण माझी ज्वारी नव्हती. म्हणजे ती कुठेतरी शेणखतात वाढली आणि मग इथे आली.

उकिरडा मळ्याच्या मागे होता. त्याच्या एका कडेला जुन्या गोणपाटांनी झाकलेला वेगळा ढीग, गुडघाभर उंच. गोणपाट ओले होते. मी एक कोपरा उचलला. आतलं शेणखत भुसभुशीत, कोमट, आणि त्यावर हिरवं, इतकं सलग हिरवं की माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही चंबूत मला ते तसं कधी जमलं नव्हतं. वास ओल्या मातीचा, थोडा खोबऱ्यासारखा. ट्रायकोडर्माचाच वास.

"झाक ते," मागून धुरपदाबाई म्हणाल्या. "ऊन लागस त्याले."

"अक्का, हे काय आहे?"

"तुनंच शे."

मी त्या ढिगाशेजारीच बसले. त्याही बसल्या, आणि एकेक गोष्ट सांगितली. त्या दिवशी प्रत्येक पिशवीतलं निम्मं त्यांनी ओळीला टाकलं. निम्मं पदरात बांधून ठेवलं. मी गेल्यावर शेणखताचा वेगळा ढीग केला, त्यात ते मिसळलं, गुळाचं पाणी शिंपडलं, गोणपाट टाकले, रोज सांजेला ओले केले. आठव्या दिवशी ढीग आतपर्यंत हिरवा झाला. मग उरलेल्या बारा ओळींना टाकलं, वेलामागे ओंजळ ओंजळ.

"पण का? मी सांगितलं होतं ना, त्यांना द्यायचं नाही म्हणून?"

"पंगत बसाडीसन आर्धासले वाढानं न आर्धासले नही, आसं कोठे व्हस का? एकच पाटनं पाणी पेतस त्या. एकीले औषध न दुसरी देखत ऱ्हायी?"

"वेल पाहत नाहीत अक्का."

"मी देखस ना."

मला राग आला होता, आणि तरी माझा हात पुन्हा गोणपाटाखाली गेला होता. "आणि हे असं वाढवायचं कोणी सांगितलं?"

"कोण सांगी? तुनी ज्वारी म्हंजे इरजन. दहीले काय शेरभर इरजन लागस का? दूध आपलं, इरजन चिमूटभर."

मी बारा पिशव्यांसाठी तीन आठवडे ज्वारी उकडली होती, चंबू निर्जंतुक केले होते, रोज हलवले होते. मी विचारलं, गूळ किती घातला? त्यांना माप ठाऊक नव्हतं. मूठ दाखवली. मी ती मूठ तराजूवर रिकामी करायला लावली. दोनशे दहा ग्रॅम. ढिगाचा घेर, उंची, ओल, सगळं लिहून घेतलं. लिहिताना कळलं की माझा प्रबंध गेला होता आणि मी त्याबद्दल विचार करत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "रुपचंदले काय सांगशी?"

तेव्हा मला दिसलं की काय झालं होतं ते त्यांना पूर्ण समजलं होतं. फरक दिसला तर मळा. आणि फरक त्यांनीच पुसला होता.

रुपचंदला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मध्येच आईकडे पाहत होता.

"म्हणजे सगळ्याच ओळींना औषध मिळालं."

"हो. म्हणून फरक नाही."

"आणि औषध निकामी असतं, तरी फरक नसता."

"नसता," मी म्हटलं. "बशांत बुरशी दिसते, पण ती बशांत. वेल तिच्यामुळे वाचले की पावसामुळे, हे आता या मळ्यातून सांगता येणार नाही."

"ताई, वाईट मानू नका. पण आईने तुम्हाला असं सांगायला लावलं, असं कोणी म्हटलं तर?"

"मी काय सांगाले लायं रे?" धुरपदाबाई उसळल्या. "मनी खोड मीच सांगी ऱ्हायनू न वरतून मीच लबाड?"

"तसं नाही आई…"

मला कुठेतरी बुरशी न टाकलेली जागा हवी होती. हीच माती, हाच पाऊस, हीच जात. मी रुपचंदला विचारलं, बांधापलीकडे कोणाचा मळा?

"चुडामणनानांचा. वडिलांचे चुलतभाऊ. वीस ओळी."

"मागच्या वर्षी त्यांच्याकडे मर किती होती?"

"आमच्यासारखीच. थोडी कमी-जास्त."

"त्यांनी यंदा काही टाकलं?"

"नाना? नाना पाणी टाकतात, तेही आठवण केली तर."

मी त्याला आधीच सांगितलं की हे शास्त्रात चालणार नाही. दोन वेगळे मळे, दोन वेगळ्या विहिरी, चिठ्ठ्या नाहीत. तो म्हणाला, "तुमच्या सरांना नका दाखवू. मला दाखवा. पण मी मोजणार. तुम्ही वेगळं मोजा, मी वेगळं. आणि थोडाथोडका फरक नको. आमची मर नानांच्या निम्म्याहून कमी पाहिजे, शेकड्याच्या हिशेबाने. तरच सावद्याला जाणार नाही."

दिवस ठरला सहा ऑक्टोबर, रविवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती आणि त्यानंतर घट बसणार होते.

चुडामणनाना फाटकातच उभे होते. साठीचे, बारीक, कानात भिकबाळी.

"या. खानेसुमारी फेब्रुवारीतच झाली ना व माय? मना घरना सहा लिखायेल शेतस."

"वेलांची राहिली होती नाना."

"मोज. पण बोट नको दाखाडू. बोट दाखाडं का येल कुजस."

म्हणून मी बोटं मुठीत धरून, खिशातले हरभऱ्याचे दाणे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत मोजलं. रुपचंदने खडे घेतले. पाय धुऊन आम्ही दोन बाजूंनी आत गेलो. नाना मेलेले वेल दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत काढत नसत, हे बरं होतं. यंदाचा मेलेला वेल काळा आणि शेवरीला अजून चिकटलेला; मागच्या वर्षीची जागा नुसती रिकामी. दोन तासांनी आम्ही फाटकाशी आलो. जिवंत आठशे अकरा. यंदा मेलेले माझे एकशे एकोणपन्नास, त्याचेही एकशे एकोणपन्नास.

मग धुरपदाबाईंचा मळा. इथे मेलेला प्रत्येक वेल माझ्या वहीत होता, पण रुपचंदने वही पाहायची नाही असं ठरवलं आणि स्वतः सगळ्या ओळी फिरला. धुरपदाबाई आत आल्या नाहीत. त्या ढिगावरचे गोणपाट ओले करत होत्या, एकदा केलेले पुन्हा.

माझे एकाहत्तर. रुपचंदचे चौऱ्याहत्तर.

मी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून भागाकार केला. चौऱ्याहत्तर धरले तर त्याच्या अटीत बसत नव्हतं, केसभराने. एकाहत्तर धरले तर बसत होतं. मी त्याला आकडे दाखवले.

"कुठले तीन?" त्याने विचारलं.

ओळीओळीने जुळवलं. तिन्ही एकोणिसाव्या ओळीत, शेजारीशेजारी. शुक्रवारी तिथे सगळे वेल उभे होते असं माझ्या वहीत होतं. आता तिघांचीही पानं सुकून लोंबत होती. मी म्हटलं, "हे मेलेले आहेत. तुमचं बरोबर. चौऱ्याहत्तर."

"थांबा," रुपचंद म्हणाला. तो खाली बसला आणि एका वेलाचं बूड हातात घेतलं. "दोन दिवसांत मर एवढी सुकवते का?"

"नाही. पंधरा दिवस तरी लागतात."

त्याने वेल ओढला. तो अलगद हातात आला, खालून तुटलेला. कापाची जागा तिरकी आणि कोरडी होती. काळेपणा नाही, बुळबुळ नाही, वास नाही. आतला गाभा पांढरा. कडेला दातांच्या बारीक खाचा. दुसरा तसाच, तिसराही. शेवरीच्या मुळाशी बोटभर रुंद बीळ होतं.

"उंदीर," तो म्हणाला.

"उंदीर," मी म्हटलं. "पण मग नानांकडचेही तपासायला हवेत. तिकडचे उंदीर मर म्हणून धरले असतील तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सूर्य डोक्यावर होता आणि त्याने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. "चला," तो म्हणाला.

नाना ओट्यावर भाकरी खात होते. "परत? सकायले कमी मरेल व्हतात का?"

"नाना, उंदरांनी कुरतडलेत का, बुडखे बघायचेत."

"बघा. पण मना नावना उंदीर सोडशान तर देख."

एकशे एकोणपन्नास बुडखे आम्ही एकेक करून उपसून पाहिले. तो नखाने खोड चिरायचा, मी वास घ्यायची. काळं, बुळबुळीत, वास: मर. काळं, बुळबुळीत, वास: मर. सत्तराव्या वेलाच्या सुमाराला माझं नाक काम करेनासं झालं, तेव्हा वास त्याने घेतला आणि खोड मी चिरलं. दोन वेल पांढरे निघाले, दातांच्या खुणांसह. ते जिवंतांत धरले, तसेच आमच्याकडचे तीनही जिवंतांत धरले.

परत आलो तेव्हा धुरपदाबाई रांजणाशी बसल्या होत्या. त्यांनी आमच्या पायांवर पाणी ओतलं.  रुपचंदने माझ्या हातातून वही आणि पेन्सिल घेतली, फाटकाच्या खांबाला टेकून स्वतः भागाकार केला, पुन्हा केला, आणि मोठ्याने वाचलं.

"आपला मळा. जुलैत उभे नऊशे अठ्ठेचाळीस. मरीने गेले एकाहत्तर. शेकडा सात पूर्णांक एकोणपन्नास शतांश. चुडामणनाना. उभे नऊशे साठ. मरीने गेले एकशे सत्तेचाळीस. शेकडा पंधरा पूर्णांक एकतीस शतांश. त्याच्या निम्मे, सात पूर्णांक सहासष्ट. आपली मर त्याहून कमी, म्हणजे सावद्याला जायचं नाही."